चुलीमागे एक

अमरेशच्या गणाराधनेला, म्हणजे तिसऱ्याच्या जेवणाला, शिरा करायचा की नुसतं वरण-भात, यावरून चंद्रप्पाच्या घरात सकाळीच जुंपली. घरातलं वीस वर्षांचं पोरगं मातीत बसवून आज तिसरा दिवस. पण भांडण शिऱ्याचं होतं.

"जंगम जेवणार, चार माणसं येणार, आन पानात गोड नको?" सिंधुआत्या म्हणाली. "भावाच्या घरी हाय म्हणून गप बसते. माझ्या घरी असं कधी—"

"तुझ्या घरी चूल कुठंय आता?" चंद्रप्पा म्हणाला. "माझ्याच चुलीवर हायस ना? मग शिरा नको तर नको."

स्वप्नाली चौकटीला टेकून तांदूळ निवडत होती. तिचे डोळे अजून सुजलेले होते. या घरात तिच्याशी कधी वाकडं न बोललेला चुलतभाऊ अमरेश एकटाच, आणि तो शेतात सापावर पाय पडून गेला. तोंड काळंनिळं पडलंय म्हणून घरच्या जंगमानं, मलप्पा स्वामींनी, देह धोतरात गुंडाळूनच समाधीच्या खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवला. चेहरा कुणालाच दिसला नाही. तिला वाटत होतं, आपल्याला धड रडूसुद्धा दिलं नाही. बाकीच्यांचं बघावं तर ते रडणं आटोपून शिऱ्यावर आले होते. आणि संध्याकाळी पाव्हणे यायचे होते.

त्यांना पाव्हणे म्हणायला कुणी सुरुवात केली कोण जाणे. उदगीरचा माणूस ज्याच्यापुढं काही चालत नाही त्याला आधी मान देऊन ठेवतो, त्यातलाच प्रकार. दोन वर्षांमागं ते तिकडं नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर उतरले, आणि तेव्हापासून त्या धरणाच्या पाण्यावर लाट उठलेली कुणी पाहिली नाही. ते बोलत नाहीत, मारत नाहीत, दार फोडत नाहीत. घरं ओळीनं घेतात, त्यामुळं कुणाची पाळी कधी ते आधीच कळतं. दिवेलागणीला येतात आणि चुलीपाशी उभे राहतात. दिसतं काय, तर उन्हात डांबरी रस्त्यावर हवा हलते तसं काहीतरी, पुरुषभर उंचीचं. दर चुलीमागं एक पोर त्यांना लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा, की ते पोर त्या हलणाऱ्या हवेमागं निमूट चालायला लागतं, लोहा गावावरून विष्णुपुरीपर्यंत. परत कुणी आलेलं नाही. ज्यानं दिलं त्याच्या दारात ते पुन्हा येत नाहीत. ज्यानं दिलं नाही, किंवा ज्याच्याकडं देण्यासारखं कुणी नाही, त्याची आग जाते. कायमची. चूल नाही, गॅस नाही, काडी नाही; त्या घरच्या माणसांच्या हाताला पुन्हा काहीच पेटत नाही. अशांना गाव विझलेले म्हणतं आणि त्यांच्या दारावरून जाताना पाय उचलतं.

आता पाव्हण्यांना सातबारा कळत नाही, रेशनकार्ड कळत नाही. चूल कळते. जो ज्या चुलीवर जेवतो तो त्या घरचा. मग जे कीर्तनकारांना जमलं नव्हतं आणि कोर्टालाही जमलं नव्हतं, ते पाव्हण्यांनी दोन वर्षांत करून दाखवलं: भाऊ भाऊ एक झाले. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले एका ताटात जेवायला लागले. तीन चुलींची एक केली की दोन पोरं वाचतात. गावाला त्यात माया दिसली. होती ती वजाबाकी. आणि वजाबाकी झाल्यावर खाली उरतो तो प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं, की द्यायचं ते कुणाचं?

चंद्रप्पाच्या चुलीवर त्याची बायको उमादेवी होती, मुलगा अमरेश होता, विधवा बहीण सिंधू होती. आणि धाकटा भाऊ आनंदराज याची दोन पोरं होती. आनंदराज आणि त्याची बायको विष्णुपुरीला राहायचे. पहिल्याच दिवशी दोघं धरणाकडं बघायला गेली ती गेली. एकोणीस वर्षांची स्वप्नाली तेव्हा सतराची. तेरा वर्षांच्या सोमेशला घेऊन ती नांदेडहून चालत निघाली. लोह्याच्या पुढं त्याच्या पायांना फोड आले तेव्हा पाठीवर घेऊन. उदगीरला पोचल्यावर चंद्रप्पानं दोघांना दारातच मिठी मारली आणि हमसून रडला. ते रडणं खोटं नव्हतं. पण मोंढ्यातला, धान्यबाजारातला आडत्या तो. डोळे पुसता पुसता त्याचे नग मोजून होतात.

*

"हा डबा दुकानाच्या पायरीवर ठेवून ये," उमादेवीनं तिला परसात गाठून सांगितलं. "हमालाचा हाय. मीच जाते रोज, पण आज घर माणसांनी भरलंय. ठेव आन ये जल्दी. उघडू बिघडू नको."

उघडू नको म्हटलं नसतं तर स्वप्नालीनं उघडलाही नसता. मागच्या गल्लीत वळल्यावर तिनं झाकण काढलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आणि वर कागदाच्या पुडीत विभूती, ओल्या फडक्यात बेलाची पानं, औषधाच्या बाटलीत पाणी.

हमालाला भाकरीबरोबर बेल कशाला?

उमाकाकूच्या घरचा नियम तिला पाठ होता. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पोराच्या तोंडात घास जायचा नाही. अमरेशला ताप असला तरी काकू बेल घेऊन उशाशी उभी. या बाईनं नवऱ्याच्या सांगण्यावरून गावासमोर ऊर बडवला असेल, कुंकू पुसल्यासारखा चेहरा केला असेल. पण पोरगं पूजेवाचून जेवलं, हे काही तिला सहन होणार नव्हतं.

स्वप्नालीला आधी हसू आलं. रस्त्यात एकटीच हसली. जिवंत आहे. मग चार पावलं गेल्यावर पुढचा हिशोब लागला, अमरेशला वजा केलं ते सोमेशला द्यायला, आणि हसू जागच्या जागी करपलं.

दुकानाच्या मागच्या दाराला नुसती कडी होती. आतल्या खोलीत जुनं पेव होतं, आजोबांच्या काळातलं, जमिनीखाली धान्य ठेवायचं. धान्याच्या आडोशाला माणसाची ऊब पाव्हण्यांना दिसत नाही, असं लोक म्हणत. तिनं वरची पोती सरकवली आणि तोंडावरचा दगड खांद्यानं रेटला. खालून कुबट, गरम हवा आली.

"अव्वा? आज उशीर केलास," अमरेशचा आवाज.

"अव्वाला आज वेळ नाही. तुझं तिसऱ्याचं जेवण आहे घरी."



"स्वप्ने, तू जा. अप्पाला कळलं तर—"

"शिरा नाही केला. साखर महाग पडायली म्हणे तुझ्यासाठी."

"मला म्हणले तीन-चार दिवस फक्त. आजची फेरी गेली की काढतो."

"आणि आज कुणाला देणार म्हणले?"

"सोमेश... सोमेश तयार हाय म्हणले."

"त्याला कुणी विचारलं?"

"मला इथं अंधारात काय मालूम?"

"अंधारात उतरायच्या आधी मालूम होतं का?"

पेवात काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला. त्याची टाच असावी.

"होतं," अमरेश म्हणाला. "पहिल्या दिवशी न्हाई म्हणलो मी. खरंच. मग अव्वा पाया पडली माझ्या. आई पाया पडल्यावर माणूस काय करतो सांग."

"माणूस वर येतो," स्वप्नाली म्हणाली. तिनं डबा दोरीनं खाली सोडला. "पूजा कर आधी. बेल पाठवलाय तुझ्या आईनं."

दगड तिनं पुरता बसवला नाही. राग आला म्हणून कुणी कुणाला गुदमरवत नाही. तेवढी फट ठेवून ती निघाली.

*

सोमेश परसात पत्रावळ्या पुसत बसला होता. नवा सदरा. काकूनं कालच शिवून आणला होता.

"अमरेश जिवंत आहे," ती त्याच्या शेजारी बसून म्हणाली. "पेवात लपवलाय."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला त्याला मारावंसं वाटलं.

"खरं? अक्का, खरं सांग."

"खरं. आणि आज तुला देणार आहेत."

"ते मला मालूम हाय. अप्पा बोलले परवाच." तो पुन्हा पत्रावळी पुसायला लागला. "मी हाव म्हणलो."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू मला पाठीवर घेऊन पळाली असतीस. किती दिवस पाठीवर घेणार? पंधरा वर्षांचा हाय मी. तुझ्यापेक्षा जड हाय आता." तो हळू आवाजात म्हणाला, "आन अमरेश जिवंत असेल तर चांगलंच की. मी गेलो की तो पण वाचतो, तू पण. मग तर जातोच."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"तुझं न्हाई. तू नुसती भांडून राहिलीस सगळ्यांशी, आल्यापासून."

उठताना तिनं त्याच्या हातातली पत्रावळी ओढून फाडली. दुसरं काही फाडण्यासारखं हाताशी नव्हतं.

*

दुपारी चार माणसं जेवून गेली. हात धुतले आणि चपला घातल्या. ज्या घरची आज संध्याकाळ आहे त्या घरात रेंगाळायची कुणाची छाती नव्हती. मागं राहिले मलप्पा स्वामी. त्यांना काम होतं. जाणाऱ्या पोराच्या कपाळाला विभूती लावायची, असा एक विधी दोन वर्षांत आपोआप तयार झाला होता. आपल्या लोकांना वेळ द्या, ते कशाचाही विधी करतील.

चंद्रप्पानं स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडला. "ये बाबा सोमेश. बस."

सोमेश बसला. स्वामींनी विभूतीत बोटं घातली, आणि अंगणात धपकन दगड पडला. मग दुसरा. मग तिसरा.

"काय करायलीस गं?" चंद्रप्पानं ओट्यावर येऊन विचारलं.

स्वप्नाली दगड जुळवत होती. शेजारी तुराट्यांची मोळी, तवा, पिठाची परात. "चूल मांडतेय."

"स्वैपाक झालाय की."

"तुमचा झाला. आमचा राहिलाय. अप्पा, मला वाटणी पाहिजे."

सिंधुआत्या खळखळून हसली. "ऐका. वाटणी म्हणे. बापाचं काय ठेवलंय गं इथं? अंगावरच्या कपड्यानिशी आलतीस."

"जमीन नको, दुकान नको. सोमेश पाहिजे. आम्ही दोघं वेगळे जेवणार आजपासून."

चंद्रप्पाला कळायला वेळ लागला नाही. ही दोघं वेगळ्या चुलीवर गेली तर त्याच्या चुलीवर देण्यासारखं कुणीच उरत नव्हतं. जगाच्या लेखी त्यानं स्वतःच स्वतःचं पोरगं मातीत बसवलं होतं. तो ओट्याच्या पायऱ्या उतरला. आवाज मऊ झाला. पट्टीचा आडत्या सौदा बिघडायला लागला की आवाज चढवत नाही.

"पोरी, तुला वाईट वाटायलंय, मला न्हाई का? माझा तर पोटचा गेला. तो असता तर मी ह्याच्या डोक्याला हात लावला असता का? तूच सांग."

"तो पेवात आहे. सकाळी मीच डबा दिला."

ओट्यावर उमादेवीनं खांब धरला.

"काकू, तुम्ही बेल विसरल्या नाहीत," स्वप्नाली पीठ मळत म्हणाली. "विसरायला पाहिजे होता."

"काय म्हणायली ही?" सिंधुआत्यानं भावाकडं पाहिलं, मग स्वामींकडं. "स्वामी, मातीत काय बसवलंत?"

मलप्पा स्वामींनी विभूतीची बोटं उपरण्याला पुसली. "ज्वारीचं पोतं," ते म्हणाले.

"मी तीन दिवस छाती बडवून घेतली, चंद्रप्पा. ह्या वयात. ज्वारीसाठी?" सिंधुआत्याचा आवाज चिरकला. "सख्ख्या बहिणीला सांगितलं न्हाईस? पोरगी बराबर बोलायली. नीच हायस तू."

"तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत देवणीच्या बाजारात कळलं असतं."

"मग आता सगळ्या गावाला कळू दे. जा गं पोरी, घे तुझा भाऊ, मांड तुझी चूल." आणि बोलता बोलता ती थांबली. आत्याला राग उशिरा उतरतो, पण स्वतःचा फायदा फार लवकर कळतो. "थांब जरा. हा तिकडं गेला तर आपल्या चुलीचं काय?" तिनं सोमेशकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. "मग अमरेशला काढ वर. दोघांतला कुणीतरी एक दे चंद्रप्पा, मला त्यातलं काय कळत न्हाई. मला कच्चं पीठ पचत न्हाई."

"तोंड बंद कर," उमादेवी म्हणाली. सकाळपासूनचा तिचा हा पहिला मोठा आवाज.

चंद्रप्पाचा मऊपणा संपला होता. "हाव, केलं. लपवलं. कोणता बाप लपवणार न्हाई? आनंदराज असता तर त्यानं काय केलं असतं? माझ्या पोरासाठी स्वतःचं दिलं असतं? दोन वर्षं खाऊ घातलं, अंगावर कपडा घातला—"

"अमरेशला लपवला म्हणून राग नाही मला," स्वप्नालीनं तवा ठेवला. "तुम्ही दोघांना लपवलं असतं तर मी तुमचे पाय धुतले असते. सोमेशला तुम्ही पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवला होता. दोन महिने झाले, ह्याच्या ताटात तूप आणि अमरेशच्या ताटात कोरडी भाकरी. मला वाटायचं, काकू बिनआईबापाच्या पोराला जपायलीत. मी देवाला सांगायचे तुमच्यासाठी."

"माया होती ती," उमादेवी म्हणाली.

"माया नव्हती. तुम्ही आधीच माफी मागून ठेवत होता."

उमादेवीनं तोंड वळवलं.

"आणि पाव्हण्यांचं नाव कुणी घेऊ नका माझ्यासमोर," स्वप्नाली म्हणाली. "त्यांनी या गावातलं एक पोर तरी हाताला धरून नेलं का? स्वामी, तुम्ही सगळ्यांच्या कपाळाला विभूती लावली, तुम्ही सांगा. नेलं एक तरी? ते उभे राहतात नुसते. देता तुम्ही. आई देते, बाप देतो, आणि मग आठ दिवसांनी चुलीवर पुरणपोळी करता."

स्वामींनी विभूतीची पुडी कमरेला खोचली.

"विझलेल्या घरात राहून बघ एकदा," चंद्रप्पा म्हणाला. "थंडीत काकडून बघ. गाव दारात उभं करणार न्हाई."

"नांदेडहून येताना शेतातला हिरवा हरभरा चावत आलो आम्ही. तेव्हाही कुणी दारात उभं केलं नव्हतं. मेलो नाही." तिनं भाकरी उलटली. "सोमेश, जेवायला ये."

सोमेश पाटावरून हलला नाही. कपाळाला विभूतीचं अर्धंच बोट लागलं होतं.

"सोमेश."

"नको अक्का. एक गेला की सगळे—"

"ये म्हणतेय ना."

"तू पण तेच करायलीस," तो म्हणाला. दोन वर्षांत तिच्यावर तो कधी असा ओरडला नव्हता. "अप्पानं ठरवलं जा. तू ठरवलंस जाऊ नको. मला काय पाहिजे, एकानं तरी विचारलं का?"

तिचा हात तव्यावर तसाच राहिला. चटका बसल्यावर तिनं तो काढला. खरंच विचारलं नव्हतं. लोह्यापासून इथपर्यंत आणलं, पण विचारलं नव्हतं.

"काय पाहिजे तुला?"

सोमेशनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग खालचा ओठ दातात धरला. नव्या सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं, आणि विभूती डोळ्यात गेली.

"मला जायचं न्हाई," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय अक्का."

"मग ये."

तो अंगणात उतरला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि अर्धी कच्ची, अर्धी करपलेली भाकरी त्यानं रडत रडत खाल्ली. चटणी नाही, मीठ नाही. चंद्रप्पा बघत राहिला. त्याच्या मोंढ्यातल्या सगळ्या हयातीत एवढ्या वाईट मालाचा एवढा पक्का सौदा त्यानं पाहिला नव्हता.

*

ऊन भिंतीवरून वर सरकलं, आणि तुराट्यांचा धूर वाऱ्यावर हलायचा थांबला. दोरी ताणल्यासारखा सरळ उभा राहिला. स्वयंपाकघराच्या धुराड्यातूनही तसाच.

पाव्हणा फाटकातून आत आला. अंगणातली चूल आधी लागत होती, म्हणून तो तिथंच थांबला. त्याच्या पलीकडची भिंत वितळल्यासारखी दिसत होती.

या चुलीची वडीलधारी स्वप्नाली. सोमेशचं डोकं तिच्या गुडघ्यापाशी होतं. तिनं दोन्ही हात परातीतल्या पिठात घातले आणि तिथंच ठेवले.

"ठेव हात," सिंधुआत्या ओट्यावरून पुटपुटली. "अगं ठेव, सगळे मरू."

चंद्रप्पाला राहवलं नाही. तो धावत आला आणि त्यानं स्वतःचा पंजा सोमेशच्या डोक्यावर ठेवला. "माझा हाय. माझ्या भावाचा हाय. मी देतो. घ्या."

हलणारी हवा त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही. सोमेश दुसऱ्या चुलीवर जेवला होता. मोंढ्यात परक्याच्या ढिगावर हात ठेवून माझा म्हणणाऱ्याकडं हमालसुद्धा लक्ष देत नाही, तसा चंद्रप्पा उभा राहिला. स्वप्नालीनं पिठाच्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि बाजूला केलं.

मग तिची चूल गेली. विझली असंही म्हणता येणार नाही. निखारे एकदम काळे पडले, जणू कधी पेटलेच नव्हते. तवा हातात धरण्याइतका थंड झाला. सोमेशनं तिचा पदर मुठीत घट्ट धरला. एवढंच. दोघंही जागच्या जागी होते.

पाव्हणा ओट्याकडं निघाला. वाटेत त्याला घाई नव्हती.

"अजून वेळ हाय," सिंधुआत्या म्हणाली. "दुकान मागच्या गल्लीतच हाय. चंद्रप्पा, पेव उघड."

आणि चंद्रप्पानं कमरेला हात लावला, जिथं किल्ल्यांचा जुडगा असायचा. काढला नाही. नुसता हात लावला. त्याच्या मनात काय होतं ते त्याला तरी धड माहीत असेल की नाही. पण उमादेवीनं तो हात पाहिला. पंचवीस वर्षं ती त्या हाताकडं बघत आली होती. कुठला सौदा कधी पक्का होतो हे तिला त्या हातावरून कळायचं.

ती स्वयंपाकघरात गेली. पाण्यानं भरलेली घागर तिनं कमरेवर उचलली आणि चुलीत उपडी केली. फस्सकन राख उडाली, वाफेनं खोली भरली. उमादेवी त्यातून दारात आली, चेहरा राखेनं भरलेला.

"घ्या," ती हलणाऱ्या हवेला म्हणाली. "विझवायलाच आलात ना? झालं माझं."

पाव्हणा तिच्यासमोर थोडा वेळ राहिला. मग समोरची भिंत पुन्हा भिंतीसारखी दिसायला लागली. बाहेर वारा सुटला.

सगळ्यांत आधी सिंधुआत्या हलली. "माझी पिशवी कुठंय?" ती म्हणाली. "निलंग्याला नणंद हाय माझी. तिच्या चुलीवर बघते." स्वामी तिच्याआधीच फाटकाबाहेर पडले होते. चंद्रप्पा पायरीवर बसून काडेपेटी ओढत होता. एक काडी, दुसरी, तिसरी. गुल झडायचा, ठिणगी पडायची नाही. त्याला कुणी थांबवलं नाही.

उमादेवीनं राखेचा चेहरा पदरानं पुसला आणि अंगणात आली.

"चल," ती स्वप्नालीला म्हणाली. "पेवाचा दगड मला एकटीला हलत न्हाई."

"तुम्ही रोज जायच्या ना?"

"रोज वाटायचं मनगट मोडतंय. आज त्राण न्हाई."

स्वप्नाली उठली. "येते. अमरेशसाठी. तुमचं मी विसरणार नाही, काकू."

"नको विसरू," उमादेवी म्हणाली. "मी पण तुझं विसरणार न्हाई. वेगळी चूल तूच मांडलीस."

दोघी फाटकाबाहेर पडल्या. सोमेश पुढं चालत होता. गल्लीत दोन्ही बाजूंनी भाकऱ्या थापल्याचे आवाज येत होते. ही तिघं दारासमोर आली की त्या घरातला आवाज थांबायचा आणि पुढं गेली की पुन्हा सुरू व्हायचा. स्वप्नालीनं एकाही दारासमोर मान खाली घातली नाही. ती प्रत्येक घरात थेट आत बघत चालली होती, कुणाच्या पंगतीत कुणाची जागा रिकामी आहे ते.